भिंतीवरचा फवारा आणि स्टुडिओतला ब्रश : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक धागा सारखा दिसला. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र शिकलेली मंडळी स्प्रेचा डबा, स्टेन्सिल, मोठी अक्षरं यांकडे वळताहेत, आणि भिंती रंगवणारी मुलं तैलरंगातल्या झिलईबद्दल, म्हणजे वरच्या पातळ पारदर्शक थराबद्दल, विचारताहेत. दोघांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी : कशावर काय बसतं आणि कशावरून काय सुटतं. म्हणून उत्तरांत साहित्य आणि थरांचा क्रम यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी तैलरंगात व्यक्तिचित्रं करतो. आजीच्या चित्रामागे गल्लीतल्या भिंतीसारखी अक्षरं आणि ओघळ हवे होते, म्हणून चित्र पूर्ण झाल्यावर महिन्याभराने काळा स्प्रे मारला. दहा मिनिटांत गालावरचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. रंग तर वाळला होता, मग असं का झालं?
— एक चित्रकार, शहापूर, बेळगाव

उत्तर : सायीची उपमा तुम्हीच दिलीत आणि ती नेमकी लागू पडते. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, आणि हे वरून सुरू होऊन हळूहळू आत पोचतं. महिन्याने बोटाला रंग लागत नाही, पण खाली अजून मऊ थर असतो. स्प्रेच्या डब्यात अॅसिटोन, झायलीन अशा जातीचे जहाल द्राव असतात. ते वरची साय फुगवतात. फुगलेल्या सायीला जास्त जागा लागते आणि खालचा मऊ थर तिला धरून ठेवू शकत नाही, म्हणून सुरकुती पडते. आजीच्या गालावर रंग जाड असेल, तर सुरकुती आधी तिथेच दिसली असणार.

म्हणून क्रम उलटा करा. चटकन वाळणारं आणि कमी तेलाचं खाली, सावकाश वाळणारं आणि जास्त तेलाचं वर. स्प्रे आधी, तैलरंग शेवटी. कामाचा क्रम असा ठेवा :

कॅनव्हासवर अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या. पहिल्या हातात पाचवा हिस्सा पाणी, पुढचे दोन जवळजवळ घट्ट. प्रत्येक हात आधीच्या हाताला आडवा. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. मग भिंतीचा पोत, अक्षरं, ओघळ हे सगळं अॅक्रिलिक आणि स्प्रेने उरकून घ्या. चेहरा जिथे यायचा ती जागा आधी पेन्सिलने आखा आणि मास्किंग टेपने किंवा कापलेल्या ब्राउन पेपरने झाका. तिथे स्प्रेचा जाड थर नको. स्प्रे कॅनव्हासपासून २० ते २५ सेंटिमीटरवरून, पातळ फेऱ्यांत मारा आणि दोन दिवस उघड्यावर वाळू द्या.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. चकचकीत स्प्रेवर तैलरंगाला पकड मिळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी नखाने खरवडलं तर पापुद्रा उचलून येतो. म्हणून शक्य तर मॅट, म्हणजे चमक नसलेला, स्प्रे घ्या. चकचकीतच मारला असेल, तर तैलरंग जिथे येणार तेवढ्या भागावर ४०० नंबरच्या पेपरने चमक घालवा आणि अॅक्रिलिक मॅट मीडियमचा एक पातळ, पारदर्शक हात द्या. तो वाळला की तैलरंग सुरू करा. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, तेल जवळपास नसलेला. दुसऱ्या थरात एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन. झिलई शेवटी. तिच्यासाठी एक भाग स्टँड ऑइल (घट्ट केलेलं जवसाचं तेल), एक भाग टर्पेंटाइन आणि अगदी थोडा पारदर्शक रंग. त्वचेतली ऊब या झिलईने येते. मागच्या स्प्रेच्या सपाट काळ्याजवळ ती आली, की तुम्हाला हवा तो गल्ली आणि चेहरा यांचा ताण चित्रात दिसेल.

चेहऱ्यावरूनच एखादा ओघळ हवा असेल तर? तिथे स्प्रे नको आणि अॅक्रिलिकही नको, कारण तेलकट थरावर अॅक्रिलिक धरत नाही. तैलरंगातच अल्किड मीडियम (तैलरंग लवकर वाळवणारं मिश्रण) मिसळून रंग सैल करा आणि कॅनव्हास उभा धरून ब्रशच्या टोकाने थेंब सोडा. शिंतोडे हवे असतील तर जुना टूथब्रश पुरे. अक्षर हवं असेल तर ऑइल स्टिक, म्हणजे तैलरंगाची कांडी, घ्या. अशा स्टिकने काढलेल्या रेघेला स्प्रेच्या रेघेपेक्षा जास्त जीव असतो असं आमचं मत आहे.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. हार्डवेअरच्या दुकानात ‘ऑइल पेंट’ म्हणून मिळतो तो इनॅमलचा डबा. तो चित्रकाराचा तैलरंग नव्हे. इनॅमल पत्र्यासाठी आणि लाकडासाठी चांगला, पण कॅनव्हासवर तो पिवळा पडतो, कडक होतो आणि कॅनव्हास हलला की तडकतो. स्वस्तात मोठी जागा भरायची असेल तर इनॅमलपेक्षा अॅक्रिलिक बरं.

सुरकुतलेलं चित्र लगेच पुसू नका. तीन-चार महिने थांबा, कडक झालेला भाग बोथट सुरीने खरवडा, पेपर मारा आणि तेवढाच भाग पुन्हा तैलरंगात रंगवा. आणि पुढच्या वेळी त्याच रंगांचा आणि त्याच स्प्रेचा एक वितीएवढा तुकडा आधी करून आठवडाभर बघा.

प्रश्न : आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर मुलांनी मोठं चित्र काढलं. पावसाळा झाल्यावर खालच्या दोन फुटांत पोपडे आले आणि पांढरी पूड दिसू लागली. भिंत चिऱ्याची, वर सिमेंटचा गिलावा. रंग चांगल्या कंपनीचा होता. चूक कुठे झाली?
— युवक मंडळ, खानापूर तालुका

उत्तर : रंगाचा दोष दिसत नाही, पाण्याचा दिसतो. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो आणि खानापूर-जांबोटीच्या पावसात तो पाणी पिऊन बसतो. पाऊस गेल्यावर तेच पाणी गिलाव्यातून बाहेर पडतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षार उरतात आणि त्यांचे खडे फुगून रंगाला आतून ढकलतात. पांढरी पूड म्हणजे हेच क्षार. खालचेच दोन फूट का? जमिनीतली ओल तिथपर्यंत चढते आणि अंगणातल्या पाण्याचे शिंतोडेही तिथवर उडतात.

आधी ओल मोजा. ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि रात्रभर, किमान सोळा तास, तसाच ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे, रंग नको. पायथ्याला, मधे आणि वर अशा तीन जागी ही परीक्षा करा, तिन्हीकडचं उत्तर सारखं येत नाही.

मग उपाय. पायथ्याशी माती भिंतीला टेकलेली असेल तर उकरून काढा आणि पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार द्या. वरच्या कौलातून किंवा पन्हळीतून भिंतीवर पाणी पडत असेल तर ते आधी थांबवा. हे न करता महागातला महाग रंग लावला तरी तो पडणार. क्षाराची पूड कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. सुटलेले पोपडे पटाशीने काढा, आवाज पोकळ येणारा गिलावा फोडून पुन्हा करा. नवा गिलावा आठवडाभर भिजवायचा आणि त्यानंतर निदान २८ दिवस, जमलं तर तीन महिने, उघडा ठेवायचा. ताज्या सिमेंटमधला चुना इतका जहाल असतो, की तेलाचा अंश असलेला कुठलाही रंग त्यावर साबणासारखा चिकट होऊन सुटतो. काही रंगद्रव्यंही तो खातो. प्रशियन ब्लू ताज्या गिलाव्यावर टिकत नाही.

बाहेरच्या भिंतीला घराच्या आतली लांबी, म्हणजे पुट्टी, कधीच भरू नका. पहिल्याच पावसात ती भिजून चुऱ्यासारखी होते. खड्डे बुजवायचे असतील तर पांढऱ्या सिमेंटची बाहेरची पुट्टी, तीही पातळ. त्यावर अल्कलीला तोंड देणारा, पाण्यात मिसळणारा एक्स्टेरियर प्रायमर आणि मग एक्स्टेरियर अॅक्रिलिक इमल्शन. १० बाय १२ फुटांच्या भिंतीला म्हणजे १२० चौरस फुटांना प्रायमर दीड लिटर आणि पार्श्वभूमीचे दोन हात द्यायला इमल्शन अडीच ते तीन लिटर लागतं. खरखरीत गिलावा जास्त पितो, म्हणून अर्धा लिटर हाताशी जादा ठेवा. चित्राचे रंग पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (बाटलीत मिळणारा घट्ट रंग) घालून घरीच बनवता येतात, पण स्टेनरचं प्रमाण डब्यावर दिलेल्या मर्यादेत ठेवा. जास्त घातला तर रंग वाळल्यावरही हाताला येतो. गेरू, पिवळी माती, काळा हे रंग उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. झगझगीत गुलाबी आणि फ्लुरोसंट हिरवा एखाद-दोन उन्हाळ्यांतच मरतात. ते हवेच असतील तर छोट्या जागी ठेवा, म्हणजे पुन्हा भरता येतील.

वेळ : आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्येही चालेल, पण तापलेल्या भिंतीवर इमल्शन पकड घेण्याआधीच वाळतं. म्हणून पूर्वेची भिंत दुपारनंतर आणि पश्चिमेची सकाळी रंगवा. अथणी, रायबागकडच्या वाचकांना ओलीची चिंता कमी, उन्हाची आणि धुळीची जास्त. तिथे भिंत आधी नीट झाडून, धुऊन, दोन दिवस वाळवली तरी अर्धं काम होतं.

आणि चिरा गिलाव्याविना उघडा असेल तर? आमचा आग्रह आहे की तो पूर्ण झाकू नका. रंगाच्या सलग पडद्याआड पाणी कोंडतं आणि चिऱ्याचा पृष्ठभागच रंगाबरोबर सुटतो. जुने चित्रकार कॅनव्हासला आधी तपकिरी छटा देऊन काम सुरू करत, मधला तोल तयार असे आणि वर फक्त उजेड आणि सावली द्यावी लागे. चिऱ्याच्या भिंतीने तुम्हाला ती छटा फुकट दिली आहे. उजेडाच्या जागी चुन्याची सफेदी आणि पिवळी माती, सावलीच्या जागी पातळ काळा-तपकिरी, बाकी दगड तसाच. असा चेहरा पावसानंतर ओल्या दगडात गडद होतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उजळतो. भिंतीवरचं चित्र आणि स्टुडिओतली रीत एकत्र आणायची याहून साधी आणि टिकाऊ वाट आम्हाला माहीत नाही.

प्रश्न : लहान फोटोवरून बारा फुटी चेहरा भिंतीवर कसा चढवायचा? प्रोजेक्टर नाही.
— निपाणी

उत्तर : प्रोजेक्टर नसणं बरंच आहे, त्याच्या उजेडात रेघा गिरवता गिरवता चेहरा सपाट होतो. फोटो १० बाय १२ सेंटिमीटरचा छापून त्यावर एक-एक सेंटिमीटरच्या चौकटी आखा. भिंतीवर एक-एक फुटाच्या. सुताला नीळ लावून दोघांनी ताणून धरायचं आणि मधे बोटाने उचलून सोडायचं. रेघ सरळ येते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. डोळे, नाकपुड्या, ओठांचे कोपरे एवढेच बिंदू आधी चौकटींत बसवा, बाकी रेषा नंतर.

चौकटी आखायला वेळ नसेल तर भिंतीवर आधी मनाला येतील तशी अक्षरं, नागमोडी रेघा, गोल, फुल्या मोठ्या आकारात काढा. भिंतीचा समोरून फोटो घ्या आणि मोबाइलमध्ये त्यावर तुमचं रेखाचित्र अर्धपारदर्शक ठेवा. डोळा कुठल्या ‘क’च्या पोटात येतो, कान कुठल्या फुलीवर, हे लगेच कळतं. नंतर सगळं रंगाखाली जातं.

नक्षी किंवा अक्षरं पुन्हा पुन्हा हवी असतील तर खाका करा. ब्राउन पेपरवर चित्र, खाली घोंगडीची घडी, सुईने पाच-पाच मिलिमीटरवर भोकं. मागच्या बाजूला भोकांच्या कडा उठलेल्या असतात, त्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पूड खाली उतरत नाही. कोळशाच्या पुडीची मलमलची पोटली भोकांवर थोपटा. खाका उचलल्यावर ठिपके पातळ पिवळ्या मातीच्या रेघेने जोडा आणि उरलेली काजळी झाडून टाका. ती राहिली तर पांढरा रंग राखाडी होतो, आणि दोष पांढऱ्या रंगाला दिला जातो.

चित्र उंचावर असेल तर वरच्या चौकटी थोड्या ताणा. बघणारा खाली, पंधरा फुटांवर उभा असला, तर कपाळ दबलेलं दिसतं. खालच्या चौकटी बारा इंच, मधल्या तेरा, सगळ्यात वरच्या चौदा असा फरक ठेवा, मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा आणि कोळशाने दुरुस्त करा. परांचीवर उभं राहून हे कधीच कळत नाही.

प्रश्न : माझ्या दुकानाच्या शटरवर एका मुलाने सुंदर चित्र काढलं. सहा महिन्यांत पट्ट्यांवरून रंग सोलून निघाला. पुन्हा करायचं आहे.
— एक दुकानदार, बेळगाव

उत्तर : शटर नवं, चकचकीत जस्ताचा मुलामा असलेलं असणार. जस्तावर इनॅमल थेट लावलं तर त्यातलं तेल आणि जस्त यांची क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सबंध पापुद्र्याने सुटतो. शिवाय शटरला गुंडाळीच्या स्प्रिंगजवळचं ग्रीस लागलेलं असतं.

शटर पूर्ण खाली घ्या. रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसा, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि एक दिवस वाळवा. सुटलेला जुना रंग काढून १२० नंबरच्या पेपरने सगळं खरखरीत करा. जस्तावर आधी वॉश प्रायमरचा, म्हणजे जस्तावर पकड देणाऱ्या प्रायमरचा, अगदी पातळ हात. गंजलेल्या लोखंडी भागावर रेड ऑक्साइड प्रायमर. त्यावर पातळ दोन हात रंग. जाड थर लावला तर शटर गुंडाळताना पट्टी पट्टीला चिकटते आणि रंग दुसऱ्या पट्टीवर निघून जातो. शेवटच्या हातानंतर ४८ तास शटर वर करू नका. सुट्टीला जोडून काम धरा.

चित्रकाराला सांगा : डोळ्याची बाहुली पट्टीच्या खोबणीवर येऊ देऊ नको, अर्धा-एक इंच वर-खाली सरकव. स्प्रे समोरून आणि किंचित खालून असा दोनदा मारावा, नाहीतर खोबणीच्या वरच्या कडेला पत्रा उघडाच राहतो.

शटर अर्धं उघडलं की अर्धंच चित्र दिसतं, याचाही उपयोग करून घ्या. मुंबईचे चित्रकार अतुल डोडिया यांनी २००० सालच्या आसपास लोखंडी शटरांवर चित्रं केली. शटर वर केलं की आत दुसरंच चित्र. तुमच्या दुकानात मागची भिंत रिकामी असेल तर तिच्यावरही काही करता येईल.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांबरोबर स्टेन्सिल करायचं आहे. शाळेत स्प्रे आणता येत नाही.
— कलाशिक्षक, चिकोडी

उत्तर : स्प्रे मुलांच्या हातात नकोच. स्पंजाचा तुकडा आणि पोस्टर कलर पुरेसा आहे. घराघरांत रांगोळीचे छाप असतातच, मुलांना तिथून तत्त्व लगेच कळतं : जे कापलं ते दिसतं.

फोटो संगणकावर चार छटांत तोडा. पांढरा म्हणजे कागद, उरलेल्या तीन छटांची तीन स्टेन्सिलं. फिकट आधी, गडद शेवटी. तिन्हींच्या कोपऱ्यांत एकाच जागी दोन भोकं ठेवा म्हणजे एकावर एक बरोबर बसतील. कापलेल्या भागाच्या पोटातलं बेट, उदाहरणार्थ ‘व’चं पोट, गळून पडू नये म्हणून चार-पाच मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो. पूल लपवायचा प्रयत्न करू नका, तो अक्षराला शोभतो. जाड कार्डशीटला दोन्ही बाजूंनी शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) हात दिला तर पंधरा-वीस छाप निघतात. जुनी एक्स-रे फिल्म याहून टिकाऊ. कटर मात्र शिक्षकांनीच चालवावा.

कडा पसरतात त्या रंग जास्त झाल्यामुळे. स्पंज बुडवल्यावर वर्तमानपत्रावर दोन-तीनदा टिपा आणि मग उभा थोपटा, ओढू नका. मुलांना सांगायला : पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या चित्रकाराने १९८१ पासून रस्त्यांवर उंदरांची स्टेन्सिलं केली, आणि पुढे याच पद्धतीने इंग्लंडचा भित्तिचित्रकार बँक्सी जगभर ओळखला गेला.

प्रश्न : चित्रात मराठी आणि कन्नड अक्षरं शेजारी हवीत. कन्नड नेहमी वेगळ्या हाताची वाटतात.
— खासबाग, बेळगाव

उत्तर : देवनागरी वरून लोंबते, शिरोरेघ हा तिचा दांडा. कन्नड अक्षर जमिनीवर बसलेलं, गोल, आणि डोक्यावर तलकट्टु नावाची छोटी कमान. दोघांना एकाच शिरोरेघेत अडकवलं की कन्नड गुदमरतं. म्हणून वर नाही, खाली जुळवा : दोघांची पायाची ओळ एकच ठेवा. कन्नड जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली उतरतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. त्यासाठी पायाखाली अक्षराच्या निम्म्या उंचीइतकी जागा मोकळी लागते. देवनागरीला वर वेलांटी आणि रफारासाठी तेवढीच. ओळी आखतानाच ही जागा सोडा, नंतर कोंबता येत नाही.

एकच हात दिसावा यासाठी एकच चपटा ब्रश, एकाच कोनात. देवनागरीसाठी दोन इंची ब्रश आणि कन्नडसाठी गोल, असं केलं की दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं दिसतं. कन्नडचा गोल एका झटक्यात काढू नका, डावा अर्धा आणि उजवा अर्धा असे दोन फटके. शिवजयंतीच्या चित्ररथांचे फलक आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे जुने पेंटर दोन्ही लिप्या सराईतपणे लिहीत आले आहेत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या गल्लीत असेल तर आठवडाभर त्यांच्या शेजारी बसा. फ्लेक्सने त्यांचं काम नेलं, पण त्यांच्या मनगटात जे आहे ते अजून शिकता येतं.

प्रश्न : स्प्रेच्या डब्यातून कधी ठिपके उडतात, कधी रंग ओघळतो. डिसेंबरात तर डबा चालतच नाही.
— गोकाक

उत्तर : डबा आधी दोन मिनिटं हलवा, गोळीचा आवाज मोकळा येईपर्यंत. ठिपके म्हणजे कॅपमध्ये, डब्याच्या दाबायच्या तोंडात, वाळलेला रंग. प्रत्येक वेळी काम झालं की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा. ओघळ म्हणजे जवळून आणि थांबून मारणं. हात आधी हलू द्या, मग दाबा, आणि हात थांबण्याआधी बोट सोडा. मऊ धुरकट छटा हवी असेल तर दूरवरून, बारीक कॅपने.

थंडीत आतला दाब उतरतो. डबा हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही, फुटतो. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. पावसाळी हवेत मारलेल्या स्प्रेवर पांढरट धूर चढतो, ती हवेतली ओल असते. त्या दिवशी काम थांबवा. आणि कापडी मास्क वाफ अडवत नाही, फार तर मोठे कण अडवतो. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. डोकं जड होऊ लागलं तर काम सोडून मोकळ्या हवेत या.

प्रश्न : भिंतीवर चित्र काढायला परवानगी कुणाची?
— एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते

उत्तर : खासगी भिंतीसाठी मालकाची, लेखी. चित्राचा कच्चा आराखडा त्या कागदाला जोडा आणि त्यावर सही घ्या, म्हणजे नंतर ‘असं सांगितलं नव्हतं’ होत नाही. सरकारी भिंत, पूल, शाळा यांसाठी त्या त्या कार्यालयाची. कर्नाटकात सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९८१ चा कायदा आहे आणि चित्र सुंदर असणं हा बचाव होत नाही. जुन्या वास्तूंच्या दगडाला मात्र हात लावू नका, परवानगी मागायलाही जाऊ नका.

प्रश्न : मी कलाशाखेची विद्यार्थिनी. या दोन्ही वाटा एकत्र आणलेल्या कुणाकुणाचं काम बघू?
— अथणी

उत्तर : आयर्लंडचा कॉनर हॅरिंग्टन (जन्म १९८०) बघा. अठराव्या शतकातल्या पोशाखातली माणसं तो तैलरंगात रंगवतो आणि त्यांच्यावर ग्राफिटीची, म्हणजे रस्त्यावरच्या स्प्रे-लिखाणाची, घाई आणतो. त्याच्या चित्रात कुठली कडा धारदार ठेवली आणि कुठली पुसली एवढंच तासभर पाहा. न्यूयॉर्कचा ज्याँ-मिशेल बास्किया (१९६०–१९८८) भिंतींवरच्या लिखाणातून आला. त्याने अॅक्रिलिक, ऑइल स्टिक आणि अक्षरं एका कॅनव्हासवर आणली. खोडलेला शब्द जास्त वाचला जातो, हे त्याच्याकडून शिकावं. कीथ हॅरिंगने १९८० ते १९८५ या काळात तिथल्याच भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर, जाहिरातींच्या रिकाम्या जागेवरच्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रं काढली. रेषा उचलायची नाही, पुसायची नाही. हा सराव तुम्ही फळ्यावर आजच सुरू करू शकता.

पण फक्त दूरचं बघू नका. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे आणि सिनेमाची पोस्टरं रंगवत, आणि मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं. आपल्याकडे रस्ता आणि स्टुडिओ यांच्यात फार मोठी भिंत कधी नव्हतीच. बेळगावच्या के. बी. कुलकर्णींची व्यक्तिचित्रं मिळतील तिथे पाहा : सावलीतही रंग किती आहे ते. त्यांचे शिष्य रवी परांजपे (१९३५–२०२२) जाहिरात आणि बोधचित्रांतून चित्रकलेकडे आले. सजावट आणि वास्तव एका चौकटीत कसं नांदतं, हे त्यांच्या कामात दिसतं. भिंतीवर बारा फुटी चेहरा करायचा असेल तर सावलीचं हे शिक्षण आधी हवं. स्प्रे पंधरा दिवसांत हाताला येतो, सावलीला वर्षं लागतात.

प्रश्न : स्प्रे आणि तैलरंग असलेल्या चित्राला व्हार्निश कधी, कुठलं?
— संकेश्वर

उत्तर : तैलरंगाला निदान सहा महिने, जाड असेल तर वर्षभर द्या. व्हार्निश असं घ्या, जे पुढे सौम्य द्रावाने काढता येईल. जहाल थिनरने निघणारं व्हार्निश काढताना खालचा स्प्रेही विरघळून निघेल. स्प्रेच्या एका कोपऱ्यावर तुमच्या व्हार्निशचा द्राव कापसाने लावून बघा. कापसाला रंग आला तर ते व्हार्निश नको. चकचकीत आणि मॅट भाग मुद्दाम वेगळे ठेवले असतील, तर सबंध चित्रावर एकच चकाकी चढवू नका. चेहऱ्यावर सॅटिन (मध्यम चमक), मागच्या भिंतीवर मॅट.

पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटवून टांगू नका. मागे बुचाचे दोन तुकडे लावून हवा खेळती ठेवा, नाहीतर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. आणि त्याच पाठीवर, लाकडी चौकटीवर, पेन्सिलने लिहून ठेवा : जेसो किती हात, स्प्रे कुठला, मीडियम कुठलं, तैलरंग कधी, व्हार्निश कधी. वीस वर्षांनी कुणी हे चित्र दुरुस्त करायला घेईल, तेव्हा त्याला कापूस लावण्याआधी हेच वाचावं लागेल.